भाव बघून लावलेलं

२०२३ च्या नवरात्रात, दुसऱ्या की तिसऱ्या माळेला, माझ्या गॅलरीतला पहिला टोमॅटो लाल झाला. ठाण्यातलं चौथ्या मजल्यावरचं घर, पूर्वेची गॅलरी, ग्रिलच्या कोपऱ्यात ठेवलेला तेलाचा रिकामा डबा आणि त्यात कमरेएवढं वाढलेलं रोप. तीन महिने मी त्या रोपाच्या मागे होते. फळ लिंबाहून थोडंसंच मोठं होतं, पण हातात घेतलं तेव्हा ऊन प्यायल्यासारखं गरम लागलं. देठासकट खुडलं, तळहातावर ठेवून फोटो काढला आणि मामे-मावस भावंडांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘घरचा टोमॅटो! आता भाव किती का वाढेना.’ अंगठे आले, टाळ्या आल्या. मावसबहिणीनं ‘माझ्यासाठी बी ठेव गं’ म्हणून सांगितलं. रात्री उशिरा मामेभावाचं उत्तर आलं.

‘छान.’

मामेभाऊ निफाड तालुक्यात शेती करतो. द्राक्षं थोडी, कांदा बराच आणि पावसाळ्यात एक-दीड एकर टोमॅटो. एरवी तो ग्रुपवर भरभरून बोलणारा. कुणाच्या नातवाचं बारसं असलं तरी चार ओळी लिहील. म्हणून ते एका शब्दाचं उत्तर मला खटकलं. झोपताना पुन्हा फोन उघडून पाहिलं, त्यानं पुढं काही लिहिलंय का. नव्हतं लिहिलं. मग माझं वाक्य मीच दोनदा वाचलं आणि पोटात काहीतरी हललं. भाव वाढल्याचं मी म्हणत होते, पण ऑक्टोबरात टोमॅटोचा भाव होता कुठं? तो कधीच कोसळला होता. भाजीवाला वीस रुपयांना किलो देत होता आणि मी पाव किलोच घेत होते, कारण माझ्या डब्यात घरचे लागले होते.

जुलैचं मात्र वेगळं होतं. त्या महिन्यात आमच्या नाक्यावर टोमॅटो शंभराच्या पुढं गेला आणि दीडशेला टेकला. भाजीवाल्यानं टोमॅटोची पाटी आतल्या बाजूला, स्वतःच्या मांडीजवळ ओढून घेतली होती. आपण निवडायचे नाहीत, तो देईल ते घ्यायचे. भाजीवर चिमूटभर कोथिंबीर आणि दोन मिरच्या टाकायची त्याची वर्षानुवर्षांची रीत, तीही बंद झाली. मागायला जीभ उचलेना. एके दिवशी माझ्या पुढं एक बाई उभी होती. तिनं दोन टोमॅटो घेतले, वजन केल्यावर त्यातला एक परत ठेवला आणि उरलेला पर्समध्ये ठेवला. पिशवीत नाही, पर्समध्ये. मी घरी आले आणि फ्रिजमधल्या मऊ पडलेल्या टोमॅटोचा गर चाळणीत चोळून बी धुतलं. राखेऐवजी वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली वाळवलं. वाळल्यावर प्रत्येक बी केसाळ दिसतं, बारीक लव असल्यासारखं. ते कागदाला इतकं चिकटून बसलं की कागदासकट कापून मातीत टाकावं लागलं. आठवड्यानं दोन-दोन पानं वर आली. रोप हाताएवढं झाल्यावर पानांवरून बोटं फिरवली की बोटांना हिरवट, उग्र वास लागायचा. साबणानं हात धुतले तरी जेवताना तो यायचा. मला तो फार आवडायचा.

ज्या डब्यात ते रोप वाढलं, त्या डब्याचंही सांगायला हवं. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रशिया-युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेलाचं काही खरं नाही, अशी कुजबुज आमच्या वाण्याकडे सुरू झाली. दर आठवड्याला नवा भाव. मी घाबरले, आणि पंधरा किलोचे तीन डबे घेतले. दुकानदार म्हणाला, “ताई, एवढं करता काय? बाकीच्या गिऱ्हाइकांनापण द्यायचंय मला.” मी म्हटलं, लग्नघर आहे. खोटं बोलले. घरात आम्ही दोघं, महिन्याला फार तर दोन किलो तेल. पुढं एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात तीनेक आठवडे थांबवली तेव्हा मला माझ्या शहाणपणाचं कौतुकही वाटलं. पण पावसाळ्यानंतर भाव उतरत गेले आणि मी मात्र चढ्या भावाचं तेल पुढचं वर्षभर तळत राहिले. तिसरा डबा २०२३ च्या मे महिन्यात फोडला, तर झाकण उघडताच जुन्या खोबऱ्यासारखा खवट भपकारा आला. भाजीत घालवेना, टाकवेना. देवापुढच्या दिव्याला आणि दारांच्या बिजागऱ्यांना पुरवलं, उरलेलं साबण करणाऱ्या एका ओळखीच्या बाईला दिलं. डबा सोड्याच्या गरम पाण्यानं तीनदा धुतला, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, आणि जुलैत त्यात टोमॅटो लावला. एका भीतीचा डबा दुसऱ्या भीतीला कामी आला.

आई हे असं करत नव्हती.

आम्ही नाशिकला वाढलो. वडील कारकून. पण एप्रिल लागला की घराचं गोदाम व्हायचं. मामाकडून गव्हाची पोती यायची, अडीच-तीन क्विंटल. गच्चीवर चादरी अंथरून त्याला दोन-तीन कडक उन्हं द्यायची, मग चाळायचा, निवडायचा, आणि एरंडेल लावायचं. आई पाय पसरून बसायची, समोर गव्हाचा ढीग. तळहातांवर एरंडेल ओतून ती गहू दोन्ही हातांनी असा वरखाली करायची की दाणा न् दाणा तुकतुकीत व्हावा. आम्हा मुलींनाही त्यात हात घालायला मिळायचा. तो थंड, निसटता, जड स्पर्श मला अजून कोपरापर्यंत आठवतो. पत्र्याची कोठी छातीएवढी उंच, खाली सरकतं दार. थर गव्हाचा, मग वाळलेला कडुनिंबाचा पाला, मग पुन्हा गहू. दार सरकवलं की गहू आधी क्षणभर अडायचा आणि मग एकदम सूपभर ओघळायचा. तूर मामाच्याच रानातली, मामी डाळ करून पाठवायची. मिरची, हळद, धणे; काळ्या मसाल्याची भाजणी; चिंच फोडून मीठ लावून केलेले गोळे; गव्हाच्या चिकाच्या कुरडया, ज्यांचा गरम चीक वाटीत घेऊन तेल घालून खायला आम्ही पहाटे उठायचो. आणि खाटेखाली पोत्यावर पसरलेला उन्हाळ कांदा. लाल कांदा ठेवायचा नाही, तो टिकत नाही. बारीक मानेचा, घट्ट पत्तीचा, उन्हाळ्यात निघालेला कांदा ठेवायचा. एखादा सडला की आई खाटेखाली वाकून नाकानं शोधायची. डोळ्यांना दिसत नाही, म्हणायची, वासाला सापडतो.

त्या सगळ्या खटाटोपात मी आईच्या तोंडून ‘भाव’ हा शब्द फारसा ऐकला नाही. पैशांची ओढाताण होती, खूप होती. वडिलांच्या पगारातून मामाला हप्त्याहप्त्यानं पैसे जायचे, कधी दिवाळीपर्यंत. पण ती साठवायची तेव्हा रानात सुगी असायची. सगळीकडे होतं म्हणून आपल्याकडेही भरून ठेवायचं. मी साठवते ते सगळीकडचं संपेल म्हणून. बाहेरून पाहिलं तर दोघींची कपाटं सारखीच दिसतील. आईच्या साठवणीत मामाचे पैसे सुटायचे, त्याचं पोतं घरातल्या घरात हलायचं. माझ्या तीन डब्यांनी दुकानदाराच्या फळीवर तीन डब्यांची जागा रिकामी केली आणि माझ्या मागं उभ्या असलेल्यांना त्या दिवशी काय मिळालं ते मी वळून पाहिलं नाही.

आईलाही भीती माहीत नव्हती असं नाही. ७२ च्या दुष्काळात तिच्या माहेरी कणगी उलटी करून झटकली होती, असं ती सांगायची. रेशनवर मिलो मिळायचा, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना काठाला फुटायची आणि गिळताना घशाला लागायची. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. त्या वर्षानंतर आजी दर सुगीला कणगीच्या तळाशी पायलीभर ज्वारी वेगळी बांधून ठेवायची आणि ती कितीही गरज पडली तरी काढू द्यायची नाही. पुढच्या सुगीला ती जुनी काढून दळायची, नवी बांधायची. आजी गेली तेव्हाही तळाशी पुरचुंडी होतीच.

आणि माझी आत्या. ती गोरेगावला राहायची. त्याच दुष्काळाच्या आणि महागाईच्या वर्षांत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांची महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली होती आणि हजारो बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. आत्या त्यात होती. मंगळसूत्र आणि चार हिरव्या बांगड्या घालणारी, नवऱ्याला नावानं हाक न मारणारी बाई, थाळी बडवत मोर्चात चालली होती. तिच्या घरी ती स्टीलची थाळी मी पाहिलेली आहे, कडेला पोचे आलेली. त्यात ती आम्हाला पोहे द्यायची आणि सांगायची, “ही लाटण्यानं चेपलीय, पडून नाही.” तेव्हा ती गंमत वाटायची. आता वाटतं, भाव वाढले तेव्हा तिला घराबाहेर पडावंसं वाटलं, आणि मला दार लावून घ्यावंसं वाटलं. यात काळाचा भाग किती आणि माझा किती, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

त्या ‘छान’नंतर भाऊबीजेला मी मुद्दाम गावी गेले. एरवी नाशकातूनच परत फिरते. ओवाळून झालं, जेवण झालं आणि मामेभाऊ म्हणाला, “चल, रानात जाऊ.” टोमॅटोच्या प्लॉटमध्ये तार-बांबू तसेच उभे होते. सुतळीनं वर बांधलेली झाडं करपून काळी पडलेली आणि खाली मल्चिंगच्या चंदेरी कागदावर फळंच फळं. काही फुटलेली, काही सुकून सुरकुतलेली, काही अजून लालबुंद, उचलून खावीत अशी. आंबूस, दारूसारखा वास. दोन गाई बांधाशी सोडल्या होत्या आणि त्याही तोंड लावत नव्हत्या. मी विचारलं, तोडले का नाहीस? तो शांतपणे सांगत गेला. जुलैत पिंपळगावला वीस किलोचा क्रेट, त्याच्या भाषेत कॅरेट, दोन हजारांवर गेला होता. ज्याचा माल तेव्हा होता त्याचं सोनं झालं. तो भाव बघून सगळ्यांनी लावला. नर्सरीत रोपं मिळेनात, एवढी गर्दी. यानंही नेहमीच्या दीड एकराचे अडीच केले. लावल्यापासून पहिला तोडा निघायला दोन-सव्वादोन महिने. सप्टेंबरात याचा माल निघाला तेव्हा सगळ्यांचाच निघाला. क्रेटला शंभर रुपयेही मिळेनात. तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली, तोलाई धरली तर मार्केटला नेण्यात खिशातले जायचे. तीन तोडे केले, चौथ्याला बायांना नको म्हणून सांगितलं.

“भाव बघून लावलेलं असं असतं ताई,” तो म्हणाला. “आपण लावतो तो भाव आपल्याला कधीच मिळत नाही.”

मी गप्प राहिले. माझ्या डब्यातलं रोप आणि हे अडीच एकर एकाच आठवड्यात, एकच आकडा ऐकून लावलेलं होतं. माझे अकरा टोमॅटो निघाले, मी फोटो काढला. त्याच दिवशी हा बायांना येऊ नका म्हणून निरोप देत होता. आणि मी काय लिहिलं होतं? किती का वाढेना. त्याच्या घरात तर तो वाढावा म्हणून मामी देवापुढं हात जोडत होती. ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागलं तेव्हा बातमी वाचून मला बरं वाटलं होतं, हे मला तिथं बांधावर उभं असताना आठवलं. त्याच्या कांदाचाळीत तेव्हा उन्हाळ कांदा भरलेला होता. एकाच आईच्या माहेरची आम्ही दोन माणसं, आणि एकाच बातमीनं एकाला हायसं वाटावं आणि दुसऱ्याची झोप जावी. त्याला मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं अजून वाटतं.

मामीच्या घरामागं मोरीचं पाणी जातं तिथं अळू, दोन केळी, कर्दळ आणि एक वाकडा शेवगा आहे. गोठ्याच्या छपरावर घेवड्याचा वेल चढलाय. सकाळी मामी परडी घेऊन गेली, शेंगा ओढल्या, अळूची चार पानं कापली आणि चुलीकडे आली. त्या घेवड्याचा बाजारात काय भाव चाललाय हे तिला विचारलं तर म्हणाली, “मला काय माहीत? हा विकायचा नाही.” पूर्वी ती काकडी-भोपळ्याचं बी शेणाच्या गोळ्यात दाबून मागच्या भिंतीला थापून ठेवायची. भिंतीवर गोल गोल ठिपके, प्रत्येकात कुणाचं ना कुणाचं बी. घर सिमेंटचं झाल्यापासून ते थांबलं. आता पत्र्याच्या डबीत राख घालून ठेवते. निघताना तिनं पदराच्या जुन्या तुकड्यात घेवड्याचं बी बांधून दिलं, काळपट-तांबूस, चकचकीत, कडेला पांढरी रेघ असलेलं. “वेल आखाजीला लावायचा,” म्हणाली. “आत्ता घाई करू नको.”

पंधरवडाही उलटला नाही आणि २६ नोव्हेंबरला त्या भागात गारा पडल्या, द्राक्षं झोडपली गेली. डिसेंबरात कांद्याची निर्यातच बंद झाली. मी मामेभावाला फोन केला तर तो माझ्याच गॅलरीबद्दल विचारत राहिला. रोपाला काठी लावली का, बगलफूट काढतेस का, पाणी किती घालतेस. मी मध्येच म्हटलं, “तू त्या दिवशी नुसतं छान लिहिलंस.” तो थोडा थांबला. म्हणाला, “फळ छानच होतं की. रंग चांगला धरला होता. फक्त बूड जरा काळं पडायला लागलं होतं, फोटो मोठा करून बघ. कॅल्शियम कमी पडतंय. चुन्याची निवळी घालत जा.” मी फोन ठेवून फोटो मोठा केला. खालच्या बाजूला, माझ्या अंगठ्याच्या आड, नखाएवढा तपकिरी डाग होता. मला तो तीन महिने रोज पाणी घालूनही दिसला नव्हता आणि त्याला पडीक प्लॉट बघून आल्यावर, रात्री, एवढ्याशा स्क्रीनवर दिसला होता. त्याला खरंच तेवढंच म्हणायचं होतं का, ते मी पुन्हा विचारलं नाही.

एप्रिल २०२४ मध्ये मी त्याच्याकडून दोन गोणी कांदा आणि एक क्विंटल गहू मागवला. सोसायटीतल्या आणखी तीन घरांनी घेतला. निर्यातबंदी तेव्हा उठलेली नव्हती. मी विचारलं, काय भावानं लावू? त्यानं बाजार समितीतला त्या दिवसाचा भाव सांगितला. मी आमच्या नाक्यावरचा सांगितला. फोनवर थोडा वेळ नुसताच पंप चालू असल्याचा आवाज येत राहिला. “असू दे ताई, घरचा आहे,” म्हणाला. बरीच हुज्जत घालून आम्ही मधला एक आकडा ठरवला, आणि त्यातही त्यानं गोणीमागं पाच किलो जास्तच भरले, ते मला तराजूवर घातल्यावर कळलं. आईची कोठी घर बदलताना भंगारात दिली होती, कारण फ्लॅटच्या दारातून ती आत येईना. म्हणून गव्हाला पिंप आणलं. एरंडेल लावताना नवराही येऊन बसला. त्याचे हात मध्येच थांबले, म्हणाला, किती गार लागतं गं हे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गॅलरीत घेवड्याचं बी टाकलं, त्याच डब्यात. कांदा पलंगाखाली वेताच्या चटईवर पसरला आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. या वेळी मामेभावाचं उत्तर पाच मिनिटांत आलं, तीन ओळींचं.

‘एवढा दाट नको ताई, हवा खेळू दे. आठ दिवसांनी हात फिरवत जा. एखादा मऊ लागला की लगेच काढ, शेजारच्याला लागतो.’